भोंग्याआधी

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. त्यामुळे सरकारी गोष्टींवर संशय घ्यायचं काम घरात आपोआप माझ्याकडे आलं होतं.

दादा ब्रह्मदेशातल्या लढाईवरून धडधाकट परत आला होता. फक्त मोठा आवाज झाला की जमिनीवर पालथा पडायचा. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला तेव्हा भोंग्याची पंचाईत झाली. तो भोंग्याआधीच आत जाई आणि संडासाला कडी लावून बसे. अजून कायम झाला नव्हता. हे कुणाला कळतं तर वेडा म्हणून घरी बसवला असता.

अशात देहूरोडच्या लष्करी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी लढाईवरून आलेल्यांना रविवारी एकत्र बसवायला सुरुवात केली. औषध नाही, सुई नाही. गोल बसायचं आणि बोलायचं.

"बोलून रोग जातो व्हय रं?" आईनं विचारलं.

"रोग नाही, नोकरी जाते," मी म्हणालो, आणि दादाच्या मागोमाग गेलो.

लिंबाखाली बाकं मांडलेली. डॉक्टर स्वतः गप्प. पगार घेऊन गप्प बसणारा माणूस मला आधीच पटत नाही. मी व्हरांड्यातून बघत होतो. दादाच्या समोरच्या बाकावर त्याच्याच कारखान्याच्या फाटकावरचा जमादार बसला होता. मी डोळे वटारले, खुणा केल्या. दादानं बघितलंच नाही.

"भोंगा झाला की मी न्हाई उभा ऱ्हात," तो म्हणाला. "संडासात दडतो."

"बरी जागा घावली राव तुला! आमच्याकडं तीबी न्हाई," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. जमादार हसला नाही. नुसता दादाकडं बघत राहिला.

वाटेत मी उखडलो. "फाटकावरच्या माणसासमोर सांगितलंस? उद्या साहेबाच्या कानावर जाईल."

"तू शिकलेला हाईस बाबा, तुला लई कळतं," एवढंच दादा बोलला.

सोमवारी मीही सायकल काढून फाटकापर्यंत गेलो. जमादारानं दादाला अडवलं. "आत न्हाई जायचं. हितं थांब."

झालं, मी मनात म्हटलं.

त्यानं दादाचं मनगट पकडलं. "आता वाजंल."

भोंगा झाला. दादा गुडघ्यात वाकला, पण पडला नाही.

"जा कामाला," जमादार म्हणाला.

तरी माझा विश्वास बसेना. शिफ्ट सुटेपर्यंत समोरच्या चहावाल्याकडं ठाण मांडून बसलो. सुटायच्या वेळी माणसं फाटकाशी गोळा झाली, त्यांत दादा पुढं, जमादाराला खेटून. भोंगा झाला तेव्हा कुणी कुणाचं मनगट धरलं होतं, ते लांबून मला नीट दिसलं नाही.