बाबांचा ट्रान्समीटर सोलापूरला पाठवताना

गेल्या महिन्यात एका रविवारी नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधून बाबांचा ट्रान्समीटर निघाला. बेचाळीस किलो. बाबा स्वतः शेवटी शेवटी जेमतेम तेवढेच उरले होते...

हॅम रेडिओ म्हणजे काय, हे मी आयुष्यभर नातेवाईकांना समजावत आले आहे. सरकारी लायसन्स घेऊन, घरात बसून, लांबच्या माणसांशी हवेतून गप्पा मारायचा छंद. बाबांनी चोरबाजारातून एकेक पार्ट आणून तो सेट स्वतः बांधला, आणि घरच्यांशी बोलले नाहीत तेवढं त्यावरून परक्यांशी बोलले.

विकायची जाहिरात टाकल्यावर एकेक रत्नं आली. एकाने विचारलं, ब्लूटूथ आहे का. खारघरहून एक इंटिरियरवाला आला, म्हणाला, "मॅम, आतलं सगळं काढून टाकू. आत लाइट सोडला ना, कॅफेत काय भारी दिसेल." त्याला मी जिन्यापर्यंत सोडलं. लिफ्ट चालू आहे हे सांगायचं राहून गेलं.

मग फोनवर भेटले सोलापूरचे माळगेकाका. गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, आता ऐंशीच्या पुढचे. बाबांशी वीस वर्षं रोज सकाळी रेडिओवर बोलले, भेट एकदाही नाही. मी लायसन्सचं विचारलं तर हसले. "माझं लायसन्स तुमच्या लग्नाच्या आधीचं आहे की ताई."

त्यांना सेट शोकेसमध्ये मांडायचा नव्हता. घरी बांधलेल्या प्रत्येक सेटचा आवाज वेगळा असतो म्हणे... बाबांच्या सेटला खर्जातली एक घरघर होती. तो दुरुस्त करून एकदा सुरू करायचा, आणि उरलेल्या चार जुन्या मित्रांनी सकाळी सहाला आपापल्या घरी तो आवाज ऐकायचा, एवढंच. "हात थरथरायला लागायच्या आत पाठवा," म्हणाले.

फोनवर त्यांनी मला पॅकिंग शिकवलं. काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत बल्बसारखे दिसतात ते, काढून वेगळे पाठवायचे. ट्रान्सफॉर्मरचे चार बोल्ट सोडवून तोही वेगळ्या खोक्यात. "सेटचं अर्धं वजन त्या एका ठोकळ्यात आहे ताई. आत राहिला तर तोच सेटला मारेल बघा." हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं.

व्हॉल्व्ह जुन्या मोज्यांत गुंडाळून, पोह्यांच्या डब्यात भरून कुरियरने पाठवले. मग पाना घेऊन ट्रान्सफॉर्मरपाशी बसले... आणि हात थांबला.

चारही बोल्टांवर नेलपॉलिशचा थेंब होता. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून ही मंडळी तसं करतात. रंग राणी. कॉलेजात असताना माझी राणी रंगाची बाटली हरवली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा बाबा शांतपणे पेपर वाचत बसले होते.

मला तो थर फोडवेना. पाना परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि स्वतःची समजूत घातली, की पेटीच अशी करून घेऊ की आत काही व्हायलाच नको.

जासईला कंटेनरच्या मालासाठी लाकडी पेट्या करणारा एक सुतार आहे, त्याला बोलावलं. त्याने माप घेतलं, सेट जरा हलवून बघितला. "ताई, आतलं काय सुटनार नाय ना?"

म्हटलं, तुम्ही बाहेरचं बघा.

"बाहेरचं मला नका सांगू. माझी पेटी दुबईला जाते, सोलापूरला नाय जानार?"

गेली. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून गेली आणि चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "ताई, सेट गेला." ट्रान्सफॉर्मर सुटला होता आणि आतलं सगळं चेपत फिरला होता.

मी काय गप्प बसणारी बाई... त्याच संध्याकाळी इथे पोस्ट टाकली, ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव घेऊन. तुम्ही ती धडाधड शेअर केलीत. आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. माझ्या भाषेचं कौतुकही झालं.

दोन दिवसांनी काकांनी फोटो पाठवले. पेटीवर एक ओरखडा नाही. बोल्टही चारच्या चार जागेवर, वर तो राणी थेंब शाबूत. बोल्टांभोवतीचा सेटचा पत्राच फाटला होता. ट्रक जसा कुठलाही ट्रक हलतो तसा हलला असेल, तेवढं पुरलं.

मी फोन केला. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. "ट्रान्सपोर्टची ती दोन पोरं पेटी घेऊन आली ना ताई, अगदी जपून आत आणून ठेवली त्यांनी. त्यांना काही बोलू नका."

"काका, ते बोल्ट मी..."

"असू दे. व्हॉल्व्ह सगळे धड आलेत. डबा परत पाठवू का?"

ट्रान्सफॉर्मरची आतली तार नव्याने गुंडाळून देणारं त्यांच्या ओळखीचं आता कोणी उरलेलं नाही. म्हणजे तो आवाज संपला.

आधीची पोस्ट मी काढून टाकली. कळंबोलीला जाऊन ट्रान्सपोर्टवाल्याची माफीही मागितली. त्याने पोस्ट वाचलीच नव्हती. वर न बघता म्हणाला, "कुठला माल, मॅडम?"

राहवलं नाही म्हणून शेवटी काकांना विचारलं, सहा वाजता कान लावून बसणार होते त्या चौघांना काय सांगितलंत?

"काय सांगणार... रस्ते खराब, गाडीत आपटला म्हटलं. सगळे हो हो म्हणाले."

रस्त्यांच्या नावावर आपल्याकडे काहीही खपतं. पण ज्याचं नुकसान मी केलं, त्यानेच ऐंशीच्या पुढच्या वयात माझ्यासाठी खोटं बोलावं, हे घशाखाली उतरत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते...

रस्ता ठीक होता.