ताईची जांभळी गोबी

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावाकडच्या खेड्यात घरामागच्या बाडीत काय लावायचं हे ठरलेलंच असे: वाल, वांगी, कोचईचे कंद, भाजीवर घालायला सांभार. धान पिकवणारी माणसं आम्ही, नव्या भाजीला नाकं मुरडण्यात पटाईत. म्हणून दिवाळीला माहेरी आलेल्या ताईनं पदराच्या गाठीतून पत्तागोबीचं बी काढलं आणि ही गोबी जांभळी निघते म्हणाली, तेव्हा बाबांनी, गावात जांभळं काय कमी आहेत, असं विचारलं.

ताईचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. ती खडगपूरच्या रेल्वे क्वार्टरात राहायची. बी तिथल्या शेजारणीनं दिलं होतं. तिनं स्वतः वाफा केला, बी टाकलं आणि जाताना बजावलं, "संक्रांतीले येतो. मी आल्याबिगर कापू नका."

ती गेली आणि घर मला खायला उठलं. बहुतेक रोपं कोंबड्यांनी फस्त केली, एकच जगलं. शाळेतून आले की मी आधी त्याच्यापाशी जायची. ताईचं तेवढंच काय ते घरात उरलं होतं. निळसर पानांत जांभळा गड्डा धरला. शेजारच्या बाया येऊन, हिला रंग दिला काय, म्हणून विचारायच्या.

संक्रांत गेली, ताई आली नाही. गड्डा घट्ट झाला. आईला धानाचं शास्त्र ठाऊक: बांधीत पाणी ठेवलं की धान लवकर पिकत नाही. गोबीही तशीच थांबेल म्हणून ती दोन्ही वेळा पाणी ओतू लागली. शेवटी बाबा बैलांची रेंगी जुंपून गोंदियाला आणि तिथून आगगाडीनं ताईला आणायला गेले.

ते एकटेच परतले. ताईची सासू आजारी होती, सासरचे आता उन्हाळ्यात पाठवू म्हणाले होते. इकडे पाणी पिऊन पिऊन गड्डा मधोमध उकलला होता. आईनं तो कापला. भाजी शिजून निळी पडली. मी ताट बाजूला सारलं. मला गोबी नको होती, ताई हवी होती.

उन्हाळ्यात ती आली. पाय धुवायच्या आधी बाडीत गेली आणि गोबी कशी झाली होती म्हणून विचारलं.

"उगोलीच नाही बाई," आई म्हणाली. मी तोंड उघडणार तोच तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

ताईनं मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले वाटे, तुमी माझी वाट पाहून राहिले असाल."