चहा-भात घ्याल ना?

नवरा गेल्यापासून शिगेनोबाईंच्या घरात जेवायला दुसरा वाडगा निघाला नव्हता. दिवसभर मात्र त्या माणसांत असत. घरामागच्या जुन्या देवळात येणाऱ्यांना बाग दाखवायची, सरकत्या दारांवर रंगवलेले बगळे दाखवायचे, हे काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. लोक फोटो काढत, वाकून आभार मानत आणि पुढच्या देवळाकडे पळत. क्योटोत देवळांना काय तोटा!

कुबोता तेवढे पळत नसत. कानाझावाचे हे विधुर गृहस्थ दर शरदात येत आणि पूर्वी बायकोबरोबर बसायचे त्याच ओसरीवर बागेकडे बघत बसत. यंदा गार वारा सुटला, तेव्हा शिगेनोबाईंनी धीर करून त्यांना घरी चहाला बोलावलं.

गप्पा छान रंगल्या. कुबोतांनी बायकोच्या घोरण्याची नक्कल केली आणि बाई कितीतरी वर्षांनी पोट धरून हसल्या. दिवस कलला, तशी बाईंना धास्ती वाटू लागली. हा माणूस आता उठणार. त्यांनी सकाळीच मासा मुरवून ठेवला होता, सलगमाचं लोणचं चिरलं होतं. आज एकटं जेवायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"थोडा चहा-भात तरी घ्याल ना?" त्या म्हणाल्या.

म्हणाल्या आणि जीभ चावली. आमच्या शहरात पाहुण्याला चहात कालवलेला भात विचारला, की त्याचा अर्थ, फार बसलात, आता निघा. भात शिजलेलाही नसतो. नकोशा पाहुण्यांना बाईंनी जन्मभर याच वाक्यानं वाटेला लावलं होतं. हव्याशा पाहुण्यासाठी वेगळं वाक्य तोंडात बसलंच नव्हतं.

कुबोता लगबगीनं उठले. "माझी आई इथलीच. अगदी असंच गोड विचारायची," ते हसत म्हणाले. "चुकलंच माझं."

"अहो, खरंच घ्या."

हेही रीतीतलंच. कुबोतांना तेही पाठ होतं.

दार लागलं. शिगेनोबाईंना स्वतःच्या जिभेचा असा राग आला, की चपला अडकवून त्या गल्लीतून धावत सुटल्या. जेवून जा, एवढं सरळ सांगायचं. लाज गेली तर गेली. पण कुबोता बसमध्ये चढले होते. खिडकीतून त्यांनी धापा टाकणाऱ्या बाईंना पाहिलं आणि ते भारावून गेले. कंटाळा आणणाऱ्या पाहुण्यालाही थांब्यापर्यंत पोचवायला यायचं, याला म्हणतात क्योटोची माणसं. ते जागेवरूनच वाकले आणि बस हलली तरी वाकलेलेच राहिले.

समोरचा वाकलेला असताना हाक कशी मारायची? शिगेनोबाईही वाकल्या.