ओट्याजवळचा लाल दिवा

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की नालवाडीच्या घरातली ती दुपार आठवते. कर्करोगामुळे बाबांची जीभ काढावी लागली होती, म्हणून मी एका छोट्या सर्किट बोर्डाला लाल दिवा जोडून तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी लावला होता. बाबांनी खाटेवरून लॅपटॉपवर १ टाइप केलं की तो लागे, ० केलं की विझे. त्या दुपारी दिवा लागला तशी आई पाणी घेऊन धावली. त्यांनी पेला बाजूला सारला आणि हात धरून तिला जवळ बसवलं. "काऊन जी, भेव वाटून राह्यलं का?" तिनं विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. संध्याकाळी ते गेले. दिवा विझवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. शेवटी ० मीच टाइप केलं. आजही कुणाला असा दिवा जोडायला शिकवताना विझवायची तेवढी एक आज्ञा, ते ०, मी शिकणाऱ्यालाच टाइप करायला सांगतो.