भरताच्या धुराला पाठ देऊन

जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत माझी फुफ्फुसं खराब झाली आणि घरच्यांनी मला खुर्चीत बसवलं. तेही सोसलं असतं. पण मुलगा म्हणाला, "आबा, यंदा भरताच्या पार्टीला तुम्ही घरीच थांबा," तेव्हा माझं डोकंच फिरलं. चोपड्याजवळ आमच्या शेतात विहिरीपाशी दर हिवाळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात, आणि भाजणारा मी. "मी येणार, आणि विहिरीपर्यंत माझ्या पायांनी येणार," असं मी सांगून टाकलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आम्हा दमेकऱ्यांचा मोबाईलवर वर्ग जुळवून दिला होता. दर रविवारी व्यायाम शिकवणारी ताई व्हिडिओवर यायची. ती म्हणाली, नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा. आम्ही सगळे चुलीपुढे वाढलेले, आम्हाला फुंकणीच आठवली. गाल फुगवून असे फुंकलो की निम्मे जण चक्कर येऊन डोकं धरून बसले. ताई हसली. म्हणाली, "चूल पेटवायची नाहीये. लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर फुंकता ना, तेवढंच."

मग मी रोज तसा श्वास सोडत मारुतीच्या देवळापर्यंत चालू लागलो. कंटाळा केला की वर्गातली पिंपळनेरची अक्का ग्रुपवर विचारायची, "भाऊ, आज चालनात का?" तिचा तर मला धाकच वाटे.

पार्टीच्या दिवशी मुलगा प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागे मागे आला. थांबत थांबत गेलो, पण विहीर येईपर्यंत बसलो नाही. वांगी त्याला भाजायला दिली. मी धूर टाळून, खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो. रविवार असल्याने वर्गही चालू होता, फोन घागरीला टेकवून ठेवलेला.

माझं लक्ष वांग्यांवर. वारा फिरल्याचं कळलंच नाही. फोनमधून अक्का बोलली, "भाऊ, धूर तुमनाकडे ई राह्यना. उठा तठून."

उठलो तोच खोकल्याची उबळ आली. मला उचलायला मुलगा धावला. त्याला हातानेच थांबवलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? फोनवर सगळ्यांनी ओठांचा चंबू केला होता. त्यांच्या बरोबरीने श्वास सोडत, एकेक पाऊल टाकत मी आगटीच्या पलीकडे गेलो आणि धुराला पाठ दिली. बोलण्याइतका दम आल्यावर मुलाला म्हणालो, "माझ्याकडे काय बघतोस? वांगं पलट, करपतंय."