वाढवलेला वेग आणि मागे गेलेलं लग्न

सिंदीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. ऐन मे महिन्यात, कामं तुंबलेली असताना, मला कॉम्प्युटरचा वेग वाढवायची बुद्धी झाली. माझा प्रोसेसर वेग वाढवू देणारा होता, आणि इंटरनेटवर सगळे ते अगदी सोपं असल्यासारखं सांगत होते.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन मी वेगाचा छत्तीसचा आकडा बेचाळीस केला, व्होल्टेज थोडं वाढवलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मी आईला हाक मारून दाखवलंसुद्धा. तिनं विचारलं, यात वेगळं काय दिसतंय? मग मी अल्लीपूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला लावला, तर तो आधीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाल्यापासून घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते आले, कॅबिनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकला.

"इंजिन तापून राह्यलं, अन् तू एक्सलेटर दाबून राह्यली," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. प्रोसेसर शहाण्णव अंशांवर गेला होता आणि स्वतःला वाचवायला आपणहून हळू चालत होता. उपाय म्हणून बाबांनी हॉलमधला कूलर ओढत आणला आणि कॅबिनेटचं झाकण काढून समोर लावला. पाच मिनिटांत वाळ्याच्या काड्या मदरबोर्डवर येऊन बसल्या आणि ओली हवा आत शिरू लागली. मी कूलर बंद केला, काड्या चिमट्यानं वेचल्या आणि प्रोसेसर निमूटपणे छत्तीसवर आणला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मेमरीही तिच्या पाकिटावर लिहिलेल्या वेगानं चालत नाही असं कळल्यावर मी तेही सेटिंग चालू केलं. माझ्या दोन मेमरी पट्ट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. त्यांचं जमलं नाही. स्क्रीन काळी झाली ती उजळेचना.

मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढून परत लावला की सगळी सेटिंग्ज मूळपदावर येतात, असं मी मोबाइलवर वाचलं. प्लग काढून सेल बाबांनीच उपसला, घड्याळजीच्या हलक्या हातानं. कॉम्प्युटर उठला. आम्ही दोघांनी चहा घेतला. व्हिडिओ तयार झाला आणि संध्याकाळच्या आत पेन ड्राइव्हवरून अल्लीपूरला पोचलाही.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. सेल काढल्यानं कॉम्प्युटरचं घड्याळ आठ वर्षं मागे गेलं होतं, वायफाय बंद असल्यानं ते दुरुस्त झालं नव्हतं, आणि 'शुभविवाह' या अक्षरांखाली तारखेतलं साल आपोआप त्या घड्याळावरूनच पडलं होतं. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बाई, आमचं पोट्टं त्या साली नववीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "तू त्याचं लगन काऊन लावून राह्यली?"

मी माफी मागितली, तारीख बदलून व्हिडिओ पुन्हा करायला घेतला. नेहमीच्या वेगानं. त्याला तीन तास लागले. बाबा सगळा वेळ शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि अधूनमधून कॅबिनेटला हात लावून पाहत होते.