थाळनेरचे सुलतान आणि आखाजीची घागर

राजांना मेल्यावरही नदीकाठचीच जागा का लागते? इतिहास घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर, तरी याचं उत्तर मला येत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या ग्रंथालयात सुदानमधल्या नूबियाच्या राजांच्या दफनभूमीबद्दल वाचलं. नाईलच्या काठी पिरॅमिड आणि जवळच उभेच्या उभे पुरलेले घोडे! शिंदखेड्याहून सुदानला एसटी नव्हती. थाळनेरला होती, शिरपूरला बदलून. तिथे तापीकाठी फारुकी सुलतान झोपलेत, म्हणून निघाले. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस होता.

"सणना तोंडवर मसनमा कोन जास वं?" आई कडाडली.

"राजांचं आहे ते, आई."

"मंग तठे काय गाद्या टाकेल शेतस?"

तिचा खरा घोर वेगळा होता. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. आखाजीला पितरांची घागर मुलाने भरायची, आणि मला भाऊ नाही. मागच्या वर्षी सुरतेचा चुलतभाऊ भरायला आला तो दिवस मावळताना. तोवर आई उपाशी. आबाही, तिच्या हिशेबाने, तहानलेले.

शिरपूरच्या स्टँडवर शेवभाजी जरूर खा, पण आधी पाणी मागवून ठेवा. पुढची एसटी तव्यासारखी तापलेली. डोक्याला रुमाल हवाच. थाळनेरात किल्ल्याची पडझड नदीकडे कललेली, आणि थोडे अलीकडे घुमट. त्यातला आठकोनी, कोरीव घुमट खरोखर देखणा. घोडे दिसले नाहीत. शेळ्या होत्या, सुलतानांच्या सावलीत रवंथ करत.

मी मोठ्या गांभीर्याने नक्षी न्याहाळत होते, तेवढ्यात एक अक्का पाण्याने भरलेली मातीची घागर घेऊन आल्या. घुमटाच्या पायरीशी ठेवली, वर दोन सांजोऱ्या.

"अक्का, ही कोणाची?"

"याच राजासनी. सकाय घरमा पोरी येतीन, येळ कोनले शे? म्हनीसन आजच."

माझी पदवी जागी झाली. "अहो, हे मुसलमान राजे. यांना आखाजी नसते."

"तहान ते ऱ्हास ना?"

"पण तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीन. ते आम्हनं वावर, बाजूले ह्या. यासना वंशमा आते कोन शे?"

"आणि बाईने भरलेली चालते?"

त्या माझ्याकडे पाहून खुदकन हसल्या. "घागर काय इचारस का वं, माले कोनी भरं?"

एक सांजोरी मला दिली, दुसरी सुलतानांना ठेवली. परतीच्या एसटीत मला नक्षीतलं काहीच आठवेना.

घोडे पुरणाऱ्यांचं कोणी उरलं नाही. सुलतानांना निदान शेजारीण आहे. आबांना तर मुलगी होती, आणि ती सुरतेच्या गाडीची वाट बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ संध्याकाळी उगवला. "काकू, घागर आना, भरी टाकू." आईने त्याच्यापुढे आमरसाची वाटी सरकवली. घागर मी सकाळीच भरली होती. घागरीवरचं पितरांच्या मानाचं खरबूज आईने ठेवलं होतं.